पिठीचा निरोप: पाळीव प्राण्यांसाठीच्या एका अंत्यसंस्कार सेवेचे परीक्षण

घरातले मांजर गेल्यानंतर त्याचा देह घरातून नेऊन, त्याचे स्वतंत्र दहन करून, राख कुटुंबाच्या हाती सोपवणाऱ्या खासगी सेवा आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मिळू लागल्या आहेत. गेल्या श्रावणात आमची पिठी गेली, तेव्हा आम्ही मुंबईतल्या अशाच एका सेवेची मदत घेतली, आणि हे परीक्षण त्या अनुभवाचे आहे. कौतुकाबरोबर काही स्पष्ट तक्रारीही मांडायच्या असल्याने सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. अशी कोणतीही सेवा निवडताना काय विचारावे, काय मागून घ्यावे आणि कशाला नको म्हणावे, हे वाचकाला कळले तर माझे काम झाले. माझे मत आधीच सांगते. देह नेण्यापासून राख परत मिळेपर्यंतचे त्यांचे काम मनापासून केलेले आणि विश्वासार्ह होते, त्यांनी घेऊन दिलेला पंजाचा ठसा आमच्यासाठी अमोल आहे, मात्र त्यापुढे ज्या स्मृतिवस्तू ते विकतात त्यांपैकी एकही घेण्याजोगी मला वाटली नाही.

पिठी आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत, ज्वारीच्या पोत्यांमागे जन्मली होती, आणि अंगाने पांढरी असल्यामुळे तिचे नाव घरी येण्याआधीच ठरले होते. दोन कानांच्या मधोमध एक राखाडी ठिपका आणि शेपूट मात्र सगळी राखाडी, असे तिचे रूप होते. नारळ खवायला विळी काढली की घराच्या कोणत्याही कोपऱ्यातून ती येऊन सासूबाईंच्या गुडघ्याला टेकून बसत असे, आणि खोबऱ्याचा पहिला कीस तिच्यासाठी पाटावर ठेवल्याशिवाय सासूबाई पुढे खवत नसत. उजव्या पुढच्या पायाचे कडेचे बोट लहानपणी दारात चेमटून वाकडे बरे झाले होते. मांजर घराला लागते, माणसाला नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पिठीने दोन घरे बदलली आणि दोन्ही वेळा ती पहिल्याच रात्री सासूबाईंच्या पायथ्याशी निर्धास्त झोपली, त्यामुळे ते म्हणणे आमच्या घरी कोणालाच पटले नाही.

उतारवयातल्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो, आणि तिलाही तोच झाला. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, पाठीचा कणा हाताला लागेल इतके वजन उतरणे, या क्रमाने तो पुढे सरकतो. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, वाढत गेले, तशी डॉक्टरांनी आम्हाला घरीच कातडीखाली सलाइन द्यायला शिकवले, आणि त्यावर तिचा बराच काळ चांगला गेला. शेवटी तिने खोबऱ्याकडेही पाहिले नाही, तेव्हा डॉक्टरांशी सविस्तर बोलून, तिच्याच अंथरुणावर, इंजेक्शन देऊन तिला झोपवण्याचा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतला. संध्याकाळ होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि डॉक्टरांनी जाताना या सेवेचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.

परीक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते ते त्या पहिल्या फोनपासून, कारण अशा सेवेची पारख माझ्या मते तिथेच होते. पलीकडून बोलणाऱ्या बाईंनी दराची यादी वाचायला घेतली नाही. त्यांनी आधी मांजराचे नाव विचारले, मग वेळ, मग अंदाजे वजन, आणि त्यानंतरचे सर्व संभाषण त्या "पिठी" असेच म्हणत राहिल्या. पावसामुळे रस्ते तुंबल्याने गाडी सकाळीच येऊ शकेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. आम्ही घाबरून जाण्याआधीच रात्रभर काय करायचे तेही त्यांनी समजावून दिले, आणि ती माहिती मी इथे पूर्ण देते, कारण ती प्रत्येक मांजर पाळणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवी.

देह काही तासांतच ताठर होऊ लागतो, म्हणून त्याआधी पाय पोटाशी दुमडून, शेपूट अंगाभोवती घेऊन, नेहमी झोपते तशी निजवावे. शरीराचे स्नायू सैल पडल्यावर लघवी किंवा इतर द्रव बाहेर येऊ शकतो, तेव्हा खाली जुने टॉवेल किंवा लहान मुलांचे डायपर पसरावे. मांजराचे डोळे बहुधा आपोआप मिटत नाहीत आणि ते मिटवण्यासाठी जोर करू नये. खोलीतला एसी चालू ठेवावा, नसेल तर बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून पोटाखाली आणि पाठीशी ठेवाव्यात, बर्फ थेट अंगाला लावू नये आणि देह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. हे सांगताना त्या बाईंच्या बोलण्यात कुठेही घाई नव्हती. डोळ्यांची सूचना तर इतकी महत्त्वाची ठरली की माझी दहा वर्षांची भाची रात्री पिठीजवळ बसली आणि तिने विचारले, "मामी, ही बघते आहे का?" तेव्हा मला उत्तर देता आले. अशी एखादी साधी, खरी माहिती योग्य वेळी मिळणे हे सेवेच्या दरपत्रकात कुठेही लिहिलेले नसते, पण त्या रात्री आम्हाला दुसऱ्या कशाहीपेक्षा तिचाच आधार वाटला.

घरात दुसरा बोका आहे, ढगू. त्यालाही तिच्याजवळ जाऊ द्या, असे त्यांनी सुचवले होते, आणि पुष्कळ पशुवैद्यही हा सल्ला देतात. तो आला, तिच्या कानांचा वास घेतला, आणि थोड्या अंतरावर जाऊन बसला. त्याला काय कळले याविषयी मी काही म्हणणार नाही, पण पुढच्या दिवसांत त्याने तिला घरभर शोधले नाही, हे मात्र आम्ही सर्वांनी पाहिले.

सकाळी ठरल्या वेळी गाडी आली. गाडीवर कसलीही जाहिरात रंगवलेली नव्हती, आणि सोसायटीच्या आवारात त्यामुळे कोणाच्याही नजरा वळल्या नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. दोघेजण वर आले. दाराबाहेर चपला काढल्या, वेताची उथळ टोपली आत आणली आणि तीत आमचेच कापड अंथरायला सांगितले. सुती कापड चालते, पॉलिस्टरचे चालत नाही, कारण ते भट्टीत वितळून धूर करते आणि राखेत मिसळते. त्याच कारणाने त्यांनी गळ्यातला पट्टा आणि घुंगरू काढून आमच्या हातात दिले. फुले, तुळशीचे पान, खोबऱ्याचा तुकडा ठेवायला हरकत नव्हती. "काही विधी करायचा आहे का?" असे त्यांनी एकदाच विचारले आणि उत्तरासाठी थांबले, आपल्याकडून काही सुचवले नाही. सासूबाईंनी पिठीच्या तोंडाशी दोन थेंब पाणी लावले आणि कपाळावरच्या त्या राखाडी ठिपक्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. त्यांपैकी वयाने मोठा असलेला कर्मचारी म्हणाला, "आजी, घाई नाही. तुम्ही सांगाल तेव्हा आम्ही उचलू." दोघेही जिन्यात जाऊन उभे राहिले, आणि आम्ही बोलावीपर्यंत आत आले नाहीत.

देह उचलण्याआधी त्यांनी पंजाचा ठसा घेतला. ही त्यांच्या मूळ सेवेतच अंतर्भूत असलेली गोष्ट आहे, तिचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण सेवेत हीच सर्वांत मोलाची आहे. तिचे तपशील लिहिणे म्हणूनच आवश्यक वाटते.

ठसा दोन प्रकारे घेतला गेला. आधी बिनविषारी शाईची पट्टी तळव्याला लावून जाड, किंचित खरखरीत कागदावर तीन-चार ठसे घेतले, कारण पहिला ठसा बहुधा भरून येतो आणि तिसरा-चौथा स्वच्छ उमटतो. मग पंजा ओल्या फडक्याने पुसून मऊ मातीच्या चकतीवर दाबला. ही माती भट्टीत न घालता हवेवर वाळणारी असते. दाबण्याआधी बोटांमधले लांब केस कात्रीने थोडे कापले नाहीत तर ठशात केसांच्या रेघा येतात. ते कापलेले केस कर्मचाऱ्याने टाकून न देता कागदाच्या पुडीत घालून आमच्याकडे दिले. चकतीवर पंजा ठेवून सर्व बोटांवर एकेक करून सारखा दाब द्यायचा असतो, आणि हे काम त्यांनी भाचीला करू दिले. तिच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून, कुठे किती दाबायचे ते दाखवत, त्या माणसाने ज्या शांतपणे ते करून घेतले, त्यासाठी मी त्याची कायम ऋणी राहीन.

मांजर चालताना नखे आत ओढून घेते, त्यामुळे कुत्र्याच्या ठशात दिसतात तशी नखे मांजराच्या ठशात दिसत नाहीत. चार बोटांच्या गाद्या आणि त्यांच्यामागे तळव्याची मोठी गादी, जिच्या मागच्या कडेला तीन गोलाकार भाग असतात, एवढेच उमटते. अंगठा वर असतो, तो जमिनीला लागत नाही. पिठीच्या उजव्या पंजाच्या ठशात मात्र कडेचे बोट इतर तिघांपासून दूर, बाहेरच्या बाजूला वळलेले आहे, आणि ते पाहिल्याबरोबर हा ठसा दुसऱ्या कोणत्याही मांजराचा असूच शकत नाही हे कळते. मोबाइलमध्ये तिची असंख्य छायाचित्रे आहेत, पण तिच्या शरीराचे खरे माप, खरी खोली असलेली ही एकच वस्तू आमच्याकडे आहे. तिच्या तळव्याला जिथे भेग होती, तिथे मातीतही एक बारीक उंचवटा आहे, तो बोट फिरवले की लागतो.

एक उणीव इथेच नोंदवते. हवेवर वाळणारी माती मुंबईच्या पावसाळी दमटपणात फार हळू वाळते, आणि याची पुरेशी सूचना आम्हाला मिळाली नाही. छापील पत्रकावर दोन दिवसांत वाळेल असे लिहिले होते, प्रत्यक्षात आठवडा उलटला तरी मधला भाग ओलसरच होता. अशा वेळी पंख्याखाली किंवा उन्हात ठेवण्याचा मोह होतो, पण कड आधी वाळून आकसते, मध्य मागे राहतो आणि चकतीला तडा जातो. ओळखीच्या एका कुंभार कारागिराने योग्य उपाय सांगितला: चकती जाळीवर ठेवून वरून कागद झाकावा, रोज सकाळ-संध्याकाळ उलटावी, आणि पूर्ण वाळल्यावरच तिला पाणीरोधक लेप द्यावा, नाहीतर बुरशी धरते. वाळताना चकती थोडी आकसतेच, त्यामुळे खऱ्या मापासाठी शाईचा ठसाही जपून ठेवावा. पावसाळ्यापुरते वेगळे पत्रक छापणे या सेवेला काहीच अवघड नाही, आणि तसे मी त्यांना कळवलेही आहे.

दहनाच्या जागी आम्ही सोबत गेलो. अशा सेवांमध्ये दहनाचे साधारणपणे तीन प्रकार असतात आणि दरातला मोठा फरक त्यावरच ठरतो. भट्टीत एकाच प्राण्याला ठेवणे हा स्वतंत्र प्रकार, एकाच भट्टीत विटांची किंवा पत्र्याची आडभिंत घालून दोन-तीन प्राणी ठेवणे हा विभागलेला प्रकार, आणि सर्वांचे एकत्र दहन हा सामूहिक प्रकार, ज्यात राख परत मिळत नाही. सामूहिक दहनात कमीपणा काहीच नाही, आणि राख नको असेल तर तोच निवडावा. पण स्वतंत्र दहनाचे पैसे घेऊन विभागलेले दहन केले जात नाही ना, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो प्रश्न विचारताना संकोच वाटू देऊ नये. आमच्या बाबतीत विचारावेही लागले नाही. कर्मचाऱ्याने भट्टीचे दार उघडून आतला भाग रिकामा आणि झाडलेला असल्याचे दाखवले. पिठीबरोबर क्रमांक ठोकलेली पोलादी चकती आत ठेवली, तोच क्रमांक आमच्या पावतीवर लिहिला, आणि राखेसोबत ती काळवंडलेली चकती परत दिली.

अशा भट्टीचे तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि मांजराएवढ्या देहाला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. धूर दुसऱ्या कप्प्यात पुन्हा जाळला जात असल्याने बाहेर वास येत नाही. त्यानंतर भट्टी थंड होईपर्यंत थांबावे लागते. प्रतीक्षेची खोली स्वच्छ होती, पिण्याचे पाणी होते, खिडकीबाहेर एक बदामाचे झाड होते. भिंतीवरच्या टीव्हीवर मात्र प्राण्यांचे गमतीदार व्हिडिओ अखंड चालू होते. ज्यांचे जनावर आत्ताच गेले आहे त्यांच्यासमोर ते लावण्यामागचा विचार मला कळला नाही, आणि सांगितल्यावर त्यांनी टीव्ही लगेच बंद केला.

राखेविषयी थोडे, कारण तिच्याविषयी कोणी आधी बोलत नाही आणि मग ती हातात आली की धक्का बसतो. मागे उरते ती मुख्यतः हाडांतली खनिजे, म्हणजे बहुतांशी कॅल्शियम फॉस्फेट, आणि ती देहाच्या वजनाच्या तीन-चार टक्क्यांपेक्षा क्वचितच जास्त भरते. आजाराने खंगलेल्या मांजराची राख त्यामुळे शंभर ग्रॅमच्या आसपासच असते. एवढे मोठे आयुष्य इतक्या लहान पुडीत पाहून सासूबाईंना शंका आली की सगळी दिली की नाही, तेव्हा त्या कर्मचाऱ्याने हा हिशेब त्यांना न वैतागता समजावला. भट्टीतून निघतात ते हाडांचे ठिसूळ तुकडे असतात, आणि ते दळून भुकटी करून द्यायचे की तसेच ठेवायचे हे कुटुंबाला विचारले जाते. आम्ही तसेच ठेवायला सांगितले.

ही राख झाडाखाली घालण्याची कल्पना अनेकांना आवडते आणि सेवेच्या पत्रकातही तिचा उल्लेख आहे, पण राख अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षारही भरपूर असतात, त्यामुळे लहान कुंडीत नुसती ओतली तर रोप जळते. पत्रकात ही सावधगिरीची ओळ नव्हती, ती असायला हवी. आम्ही मोठ्या पिंपात भरपूर माती आणि शेणखत घेऊन त्यात चिमटी-चिमटीने थोडीच राख मिसळली, आणि त्यात पारिजातकाचे रोप लावले, उरलेली गावी नदीला सोडली. मांजराच्या अस्थी नदीत सोडायच्या का, असा प्रश्न नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी केला होता. सासूबाईंचे उत्तर होते की मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते असे सांगणाऱ्या लोकांनी मांजराच्या अस्थींना पाणी नाकारू नये, आणि त्यावर कोणी पुढे बोलले नाही.

आता तक्रारीचा भाग. राख देण्याआधी आम्हाला एका कपाटापुढे नेण्यात आले, ज्यात कलश, पेट्या, राखेचा कण बसवलेली पदके आणि छायाचित्रांच्या चौकटी मांडल्या होत्या. मूळ सेवेचे साडेचार हजार रुपये मला पूर्णपणे रास्त वाटले. त्यात गाडी, स्वतंत्र दहन, ठसा आणि साध्या मातीच्या मडक्यातली राख एवढे सारे येते. पण त्या कपाटातल्या पितळी कलशाची किंमत एकट्याची त्याच्या निम्म्याहून अधिक होती, आणि ती किंमत ज्या क्षणी ग्राहकाला सांगितली जाते त्या क्षणी नाही म्हणणे कोणालाही जड जाते. दर आधी फोनवर किंवा कागदावर द्यावेत, आणि खरेदी नंतर कधीही करता येईल असे स्पष्ट सांगावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पेट्यांवर नाव कोरून मिळते, पण फक्त रोमन अक्षरांत. मुंबईत, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना सेवा देणाऱ्यांकडे देवनागरी अक्षरे नसावीत याचे मला मनापासून वाईट वाटले. गिरणीवाल्याने ठेवलेले आणि आम्ही रोज हाक मारली ते नाव रोमन लिपीत लिहिलेले पाहावे असे कोणालाच वाटले नाही, म्हणून आम्ही पेटी घेतली नाही.

त्याहून मोठा आक्षेप त्या वस्तूंच्या रूपाविषयी आहे. प्रत्येक पेटीवर तेच एक पंखवाले मांजर, तोच ढग, तोच इंग्रजी मजकूर. ते मांजर कोणाचेच नव्हते. इजिप्तमध्ये ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात, फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपचा मुलगा राजपुत्र थुतमोस याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची शवपेटी घडवून घेतली होती. तिच्यावर त्या मांजरीचे ता-मिऊ हे नाव कोरले आहे आणि ती खाद्यपदार्थांच्या मेजापुढे ताठ बसलेली दाखवली आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे की त्या देशात घरचे मांजर गेले की घरातले सगळे आपल्या भुवया काढून टाकत. तो विधी आपला नाही, पण मांजराला त्याच्या नावाने आणि त्याच्या आवडत्या जेवणासमोर बसलेले कोरण्यामागची समज मात्र त्या कपाटातल्या सगळ्या वस्तूंमध्ये मिळून नव्हती. पिठीचे स्मारक करायचे तर त्यावर विळी आणि खोबरे हवे. जी वस्तू कोणत्याही मांजराची असू शकते ती आठवणीच्या कामाची नाही, आणि या एकाच कसोटीवर मी ठशाला पूर्ण गुण देते आणि कपाटाला एकही देत नाही.

आणखी एक गोष्ट सुधारायला हवी. काही आठवड्यांनी या सेवेच्याच क्रमांकावरून मांजरांच्या खाद्यावरील सवलतीचा संदेश आला. दहनासाठी आम्ही दिलेला दूरध्वनी क्रमांक विक्रीच्या यादीत जाणे सर्वस्वी गैर आहे. मी तसे लिहिल्यावर त्यांनी क्षमा मागून क्रमांक काढून टाकला, पण पावती भरतानाच लेखी सांगून ठेवावे, असे मी इतरांना सुचवीन.

खर्च परवडत नसेल तर पर्याय आहेत आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाहीत. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडच्या एव्हरशाइन नगर भागात कुत्री-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी नळाच्या गॅसवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली, आणि ती नागरिकांसाठी निःशुल्क ठेवली आहे. गावी स्वतःची जमीन असेल तर दफनही करता येते, मात्र खड्डा निदान तीन-चार फूट खोल आणि विहिरीपासून दूर असावा. ज्या मांजराला इंजेक्शन देऊन झोपवले आहे त्याच्या बाबतीत ही खबरदारी अधिकच घ्यावी, कारण त्यासाठी वापरले जाणारे पेंटोबार्बिटलसारखे औषध देहात टिकून राहते आणि कुत्र्यांनी किंवा घारींनी तो देह उकरून खाल्ला तर त्यांनाही विषबाधा होऊ शकते. कचऱ्याच्या गाडीत देह देण्याचा सल्ला आम्हालाही एका शेजाऱ्याने, वाईट हेतू नसताना, दिला होता. ज्यांना दुसरा मार्गच माहीत नसतो त्यांच्यावर ती वेळ येते, म्हणून हा परिच्छेद.

तर ही सेवा घ्यावी का? स्वतंत्र दहन आणि राख हवी असेल, घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल आणि देहाजवळ बसायला वेळ हवा असेल, तर जरूर घ्यावी, आणि मूळ दराच्या पलीकडे त्या दिवशी एक रुपयाही खर्च करू नये. मांजर म्हातारे असेल तर क्रमांक आधीच मिळवून ठेवावा आणि दर, दहनाचा प्रकार व रात्रीची व्यवस्था शांत डोक्याने विचारून घ्यावी.

ठशासाठी मात्र त्या दिवसाची वाट पाहू नये. ढगूचा ठसा आम्ही आता घेतला आहे. पोटभर जेवून मांजर सुस्तावले की एकाने त्याला मांडीवर घ्यावे, दुसऱ्याने मऊ मळलेली बिनविषारी मातीची चकती पंजाखाली आणावी आणि एकदाच, न घसरवता, दाबून सोडून द्यावे. प्लास्टर ऑफ पॅरिस थेट पायाला कधीही लावू नये, ते घट्ट होताना तापते. ते वापरायचेच असेल तर मातीच्या ठशात नंतर ओतावे. काम झाल्याबरोबर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बोटांच्या मधल्या बेचक्या नीट पुसाव्यात, कारण सोडल्याबरोबर मांजर पहिले काम करते ते पंजा चाटण्याचे.